मोटारसायकल काढायची तर आधी चाकं: मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी

मोटारसायकल काढायला बसलेलं मूल बहुधा टाकीपासून सुरुवात करतं. साहजिकच आहे, गाडीत त्याला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच असते. टाकी ऐटदार जमते, पुढे हँडल येतं, मागे लांबलचक सीट येते आणि चाकांची पाळी येईपर्यंत कागद संपत आलेला असतो. मग पुढचं चाक भलंमोठं, मागचं कडेला चेपलेलं आणि इंजिनाच्या जागी एक रिकामा चौकोन. चित्र फसलं म्हणून मूल खट्टू होतं. खरं तर हात चांगलाच असतो, क्रम तेवढा उलटा झालेला असतो.

सुलटा क्रम असा: आधी दोन चाकं, मग ती चाकं एकमेकांना बांधून ठेवणारा सांगाडा, मग इंजिन आणि मग टाकी-सीट. बाकी आरसे, इंडिकेटर, पट्टे, स्टिकर हे सगळं अगदी शेवटी. आणि काढताना प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा: हा कशाला जोडलाय? मोटारसायकलवर कुठलीच गोष्ट अधांतरी नसते, प्रत्येक भाग दुसऱ्या कशाला तरी बोल्टने पक्का केलेला असतो. चित्रातला हेडलाइट हवेत तरंगताना दिसला, तर तो ज्या फोर्कवर, म्हणजे पुढच्या चाकाला धरणाऱ्या नळ्यांवर, बसतो तो फोर्क काढायचा राहून गेलाय, असं समजा.

सामान आणि कागदाची मांडणी

एचबी पेन्सिल कच्च्या रेघांसाठी, टूबी पक्क्या रेघांसाठी. खोडरबर, पट्टी, कर्कटक आणि ए-फोर आकाराचा कागद. कागद आडवा ठेवायचा, उभा नाही. गाडी लांब असते, उभ्या कागदावर ती आखूड होणारच. लहान मुलांच्या हातात टोकदार कर्कटक देऊ नका. ८ सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचं एखादं झाकण ठेवून कडेने पेन्सिल फिरवली तरी चाक उत्तम येतं. ही फसवणूक वगैरे काही नाही. चाक गोल दिसणं महत्त्वाचं, ते कसं गोल झालं हे कोणी विचारत नाही.

सगळ्या कच्च्या रेघा इतक्या हलक्या हाताने मारायच्या की हातभर अंतरावरून जेमतेम दिसाव्यात. हे मुलांना पटवणं अवघड जातं, कारण त्यांना रेघ लगेच ठळक दिसायला हवी असते. पेन्सिल टोकाजवळ न धरता थोडी मागे धरायला सांगा, दाब आपोआप कमी होतो.

गाडीचं तोंड कुठल्या बाजूला हेही आधीच ठरवा. उजवीकडे तोंड असेल तर आपल्याला गाडीची उजवी बाजू दिसते. या बाजूला मागच्या ब्रेकचा पायडल असतो आणि बहुतेक एक-सिलिंडर गाड्यांचा सायलेन्सरही इथेच असतो. डावीकडे तोंड केलं तर गिअरचा पायडल, साइड स्टँड आणि बहुतेक गाड्यांची चेन दिसते. पुष्कळ चित्रांत चेन आणि सायलेन्सर एकाच बाजूला दाखवलेले असतात. गाडीवेडं पोरगं ते बरोबर पकडतं. इथे आपण उजवीकडे तोंड असलेली गाडी काढू, म्हणजे चेनची कटकट नाही.

चाकं आणि मधली मोकळी जागा

कागदाच्या खालच्या कडेपासून ४ सेंटिमीटर वर पट्टीने एक आडवी रेघ मारा. ही जमीन. तिच्यावर आणखी ४ सेंटिमीटरवर दुसरी आडवी रेघ मारा. दोन्ही चाकांचे आस याच रेघेवर बसतील. आता या वरच्या रेघेवर डाव्या कडेपासून साडेसहा सेंटिमीटरवर एक ठिपका आणि साडेतेवीस सेंटिमीटरवर दुसरा. कर्कटकात ४ सेंटिमीटर घेऊन दोन्ही ठिकाणी वर्तुळं काढा. ती जमिनीच्या रेघेला अलगद टेकली पाहिजेत.

दोन वर्तुळांच्या मध्ये ९ सेंटिमीटर जागा उरते, म्हणजे एका चाकापेक्षा थोडी जास्त. खऱ्या साध्या मोटारसायकलचं माप साधारण असंच असतं: दोन आसांमधलं अंतर चाकाच्या व्यासाच्या दुपटीहून किंचित जास्त. हे एवढं लक्षात राहिलं की कुठल्याही आकाराच्या कागदावर गाडी काढता येते. एक चाक काढा, त्याच्या शेजारी तेवढ्याच मापाचं एक काल्पनिक चाक आणि बोटभर जागा सोडा, मग दुसरं चाक काढा. नवशिक्यांच्या चित्रात ही मधली जागा एक तर दुप्पट होते आणि गाडी ताणल्यासारखी दिसते, नाहीतर इतकी आवळते की इंजिन कुठे बसवायचं हेच कळत नाही.

आता टायर. त्याच मध्यावर कर्कटकात ३ सेंटिमीटर घेऊन आतलं वर्तुळ काढा. बाहेरच्या आणि आतल्या वर्तुळामधला पट्टा म्हणजे टायरचं रबर. त्याच्या आत दोन-तीन मिलिमीटरवर आणखी एक वर्तुळ, ती रिम. मध्यावर छोटं वर्तुळ, तो हब. मुलं टायर फार बारीक काढतात आणि मग मोटारसायकलची सायकल होते. टायर जाड दिसला तरच गाडीला वजन येतं.

स्पोक सध्या काढू नका. त्यांच्याकडे नंतर येऊ.

सांगाडा: तीन रेघांचा खेळ

पहिली रेघ फोर्कची, म्हणजे पुढच्या चाकाला धरून वर हँडलपर्यंत जाणाऱ्या नळ्यांची. ही रेघ कधीही सरळ उभी नसते, वर जाताना ती मागे, चालवणाऱ्याकडे कलते. किती कलते? कोनमापक शोधत बसू नका. पुढच्या आसापासून ९ सेंटिमीटर वर आणि साडेचार सेंटिमीटर मागे एक ठिपका द्या आणि आसाला जोडा. दोन भाग वर, एक भाग मागे. उभ्या रेघेपासून हा कोन साधारण २६ अंशांचा होतो, आणि रोजच्या वापराच्या पुष्कळ गाड्यांचा फोर्क याच्याच आसपास कललेला असतो.

गाडीचा स्वभाव ठरतो तो या एका रेघेवर. ती उभी केली की गाडी अडखळून थांबल्यासारखी दिसते. थोडी कलती केली की गाडी उभी असूनही धावायच्या बेतात वाटते. त्यामुळे इथे घाई नको. रेघ मारून झाली की कागद हातभर लांब धरून बघा, मनासारखी वाटेपर्यंत खोडा.

दुसरी रेघ मागच्या आसापासून पुढे, जवळजवळ आडवी, किंचित वर जाणारी, साडेपाच सेंटिमीटर लांब. हा स्विंग आर्म. तो इंजिनाच्या मागे सांगाड्याला बिजागरीसारखा जोडलेला असतो, म्हणून खड्ड्यात मागचं चाक वर-खाली होऊ शकतं.

तिसरी रेघ पाठीच्या कण्याची. फोर्कच्या वरच्या टोकापासून दीड सेंटिमीटर खाली सुरू करा, हळूहळू उतरत मागे न्या आणि मग मागच्या चाकाच्या वरून जवळजवळ आडवी संपवा. टाकी आणि सीट दोन्ही याच्यावर बसणार आहेत. मागच्या चाकाच्या माथ्यापासून ही रेघ दीडेक सेंटिमीटर तरी वर असू द्या. चाकाला उसळायला तेवढी जागा लागते. सीट चाकाला चिकटवली की गाडी बसकी आणि मोडकी वाटते, आणि नेमकं काय बिघडलंय हे पटकन सापडत नाही.

आता शेवटची जोडणी: फोर्कच्या वरच्या भागातून एक नळी खाली, किंचित मागे झुकत, पुढच्या चाकाच्या मागे जमिनीपासून ४ सेंटिमीटरपर्यंत आणा. इंजिन पुढून या नळीला लटकतं. ही नळी आणि पुढचं चाक यांच्यात दीड-दोन सेंटिमीटर मोकळे राहतात ना, ते बघा.

इथे थांबून मुलाला चित्र दाखवायला सांगा. एवढ्या रेघांतही मोटारसायकल ओळखू आली पाहिजे. नसेल येत, तर पुढे जाऊन उपयोग नाही, वरच्या सजावटीने ती सुधारणार नाही.

इंजिन

बहुतेक जण इथेच हात टेकतात, कारण इंजिनात काय काय दिसतं ते सगळं काढायला जातात. दोन आकार पुरतात. खाली गोलसर कोपऱ्यांची एक पेटी: ५ सेंटिमीटर लांब, तीन-सव्वातीन सेंटिमीटर उंच, जमिनीपासून २ सेंटिमीटर वर. तिचं मागचं टोक स्विंग आर्मच्या पुढच्या टोकाशी भेटतं. या पेटीवर, थोडा पुढच्या बाजूला, एक उभा ठोकळा काढा, सव्वादोन सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन उंच, किंचित पुढे झुकलेला. हा सिलिंडर.

सिलिंडरवर आडव्या समांतर रेघा मारा, सात-आठ पुरेत. या रेघांची टोकं ठोकळ्याच्या कडेच्या थोडी बाहेर येऊ द्या. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला अशा पात्या, म्हणजे फिन्स असतात. जितका पृष्ठभाग जास्त तितकी उष्णता लवकर बाहेर जाते, म्हणून त्या बाहेर डोकावतात. चित्रात या सात-आठ रेघा जादू करतात. साध्या ठोकळ्याचं क्षणात इंजिन होतं. रेघा मारताना एक जाड, एक बारीक अशा मारल्या तर पात्यांमधली सावलीही आपोआप येते.

खालच्या पेटीवर एक मोठं आणि एक लहान वर्तुळ, कडेने चार-पाच ठिपके बोल्टचे. बस्स. याहून जास्त तपशील नवशिक्याने भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घाईने भरलेलं इंजिन गिचमिड दिसतं, थोडकं इंजिन नेमकं दिसतं.

इंजिन नेहमी दोन चाकांच्या मध्ये, खाली का, असं मुलं विचारतात. सगळ्यात जड भाग तोच, आणि जड भाग मध्ये व खाली असला की गाडी तोलायला सोपी जाते. १८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी दुचाकी बनवली. तिचा सांगाडा लाकडाचा होता, चाकं लाकडी होती, कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक लहान चाकही होतं. पण इंजिन तेव्हाही सीटच्या खाली, दोन चाकांच्या मधोमधच होतं.

सायलेन्सर सिलिंडरच्या वरच्या भागातून, पुढच्या बाजूने निघतो. जळलेला वायू तिथून बाहेर पडतो म्हणून. बारीक नळी पुढे येऊन खाली वळते, इंजिनाच्या कडेने मागे जाते आणि मागच्या चाकाजवळ जाड होते. पुष्कळ चित्रांत सायलेन्सर मागेच कुठेतरी अचानक उगवतो. तो इंजिनातून निघताना दाखवलात की चित्र निम्मं सुधारलं. नळीच्या दोन रेघा शेवटपर्यंत समांतर राहतील याकडे मात्र लक्ष द्या, वळणावर त्या हमखास जवळ येतात.

टाकी, सीट आणि पुढचा भाग

आता ती लाडकी टाकी. पाण्याचा थेंब आडवा ठेवला तर त्याचा जाड भाग पुढे आणि निमुळता भाग मागे, तसा तिचा आकार. लांबी सव्वापाच सेंटिमीटर, पुढची उंची अडीचच्या आसपास. टाकीचा माथा जमिनीपासून साडेबारा सेंटिमीटरवर येतो. वरची रेघ फुगीर ठेवा, खालची जवळजवळ सरळ आणि कण्याच्या रेघेवर बसलेली. तिच्या पुढच्या टोकात आणि फोर्कमध्ये जरा फट राहू द्या, हँडल वळायला जागा हवी.

टाकी जिथे निमुळती होते तिथूनच सीट सुरू होते आणि तिचा माथा जमिनीपासून १० सेंटिमीटरच्या आसपास राहतो. म्हणजे टाकीपेक्षा बरीच खाली. सीट टाकीच्या उंचीला नेली की चालवणारा गाडीवर नाही, भिंतीवर बसल्यासारखा दिसेल. सीटचा मधला भाग किंचित दबलेला, मागचा थोडा वर. तिच्या शेवटाखाली मागचं मडगार्ड आणि त्यावर टेललाइट.

सीटखालून एक शॉकॲब्सॉर्बर तिरका उतरतो आणि स्विंग आर्मला मागच्या आसाजवळ भेटतो. वरचं टोक पुढे, खालचं मागे. दोन समांतर रेघा आणि त्यांच्या मध्ये तिरक्या रेघांची स्प्रिंग.

फोर्कची एक रेघ आता दोन समांतर रेघांची करा. वरच्या टोकाशी हँडल येतं, आणि इथे एक गोष्ट मुलांना चमत्कारिक वाटते. कडेने पाहिलं तर हँडलची रुंदी दिसतच नाही. दिसते ती फक्त मागे वळलेली आखूड नळी आणि तिच्या टोकाला रबरी मूठ. तरी मुलं सायकलसारखं पसरलेलं हँडल काढतात, कारण त्यांना ते तसं माहीत असतं. त्यांना एखादी खेळण्यातली गाडी डोळ्यासमोर नेमकी कडेने धरून दाखवा. सांगून पटत नाही ते बघून चटकन पटतं.

हेडलाइट फोर्कच्या पुढे, टाकीच्या माथ्यापेक्षा जरा खाली, २ सेंटिमीटरच्या आसपासचा गोल, मागच्या बाजूने फुगीर. पुढचं मडगार्ड चाकाच्या वर, चाकाच्या गोलाईशी समांतर. पायठाण इंजिनाच्या मागच्या टोकाशी, त्याच्या पुढे ब्रेकचा छोटा पायडल. आरसा एका काडीवर. यात वेळ घालवायचं कारण नाही.

स्पोक

अलॉय चाक हवं असेल तर हबपासून रिमपर्यंत पाच किंवा सहा जाड पाती काढा, काम झालं. तारांचे स्पोक हवे असतील तर थोडं थांबून बघायला हवं. आपण हबच्या मध्यापासून सरळ बाहेर रेघा मारतो, पण खऱ्या चाकात स्पोक मध्यातून निघत नाहीत. ते हबच्या कडेतून तिरके निघतात आणि शेजारच्या स्पोकला फुलीसारखे ओलांडून जातात. तसे तिरके असल्यामुळेच हबचा जोर रिमपर्यंत पोहोचतो आणि चाक फिरतं. अनेक मोटारसायकलींच्या चाकाला ३६ स्पोक असतात. तेवढे काढायची अजिबात गरज नाही. रिमवर सारख्या अंतरावर आठ ठिकाणी खूण करा आणि प्रत्येक खुणेपासून हबच्या दोन्ही कडांना एकेक रेघ न्या. हबजवळ या रेघा एकमेकींना ओलांडतात आणि चाक खरं वाटू लागतं. रेघा पट्टीने, एका दमात, बारीक टोकाने मारा.

पक्क्या रेघा, सावली, रंग

उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून उजवीकडे जावं, डावखुऱ्याने उलट. तळहाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर टूबीचा काळा रंग सगळीकडे फासला जातो. सगळ्या रेघा सारख्याच जाड नकोत. टायरचा जमिनीला टेकलेला भाग, इंजिनाची खालची कड, सीटची खालची कड इथे रेघ जाड करा. टाकीचा माथा आणि हेडलाइट यांवर बारीक ठेवा. एवढ्यानेच चित्राला उजेड-अंधार मिळतो.

मग कच्च्या रेघा खोडा. जमिनीची रेघ पूर्ण ठेवू नका, त्याऐवजी गाडीखाली एक चपटी, लांबट सावली द्या, चाकं टेकतात तिथे सगळ्यात गडद. सावली नसेल तर गाडी हवेत तरंगते.

टायर ठार काळा करू नका. मध्ये एक अरुंद राखाडी पट्टा सोडला तर रबराची गोलाई दिसते. टाकीवर कुठलाही रंग द्या, पण वरच्या बाजूला एक लांबट पांढरी जागा कोरी सोडून. तो कोरा कागदच टाकीची चकाकी होतो, पांढरा खडू नंतर घासून तसा परिणाम येत नाही. मेणाच्या खडूंनी रंगवणाऱ्या लहान मुलांना आधी ही जागा पेन्सिलने आखून द्या. सायलेन्सरलाही हाच नियम, फक्त तिथे पांढरी पट्टी लांबीच्या दिशेने.

अगदी लहान मुलांसाठी

चार-पाच वर्षांच्या मुलाला वरची मापं सांगू नका. दोन वर्तुळं, मध्ये एक चौकोन, चौकोनावर टाकी आणि सीट, पुढच्या वर्तुळातून एक तिरकी काठी, तिच्या टोकाला मूठ आणि पुढे गोल दिवा. एवढं पुष्कळ झालं. क्रम मात्र तोच ठेवा आणि तिरकी काठी तिरकीच राहील एवढं बघा. झाकणाभोवती पेन्सिल फिरवताना झाकण तुम्ही धरा.

याच सांगाड्यातून दुसऱ्या गाड्या

एकदा ही साधी गाडी हाताला बसली की बाकीच्या गाड्यांसाठी नवीन काही शिकावं लागत नाही, मापं तेवढी हलवायची. क्रूझर हवी? फोर्क आणखी कलता करा, त्यामुळे पुढचं चाक पुढे सरकेल, सीट खाली आणा, हँडल उंच आणि मागे ओढा. हार्ले-डेव्हिडसनच्या ओळखीच्या इंजिनासाठी एका सिलिंडरऐवजी दोन काढा, एकाच बुंध्यातून निघालेले आणि त्यांच्यात ४५ अंशांचा कोन. स्पोर्ट्स गाडीला फोर्क जरा उभा, हँडल खाली, सीटची शेपटी वर उचललेली. पुढून इंजिनापर्यंत फेअरिंगचं आवरण असल्यामुळे इंजिन झाकलं जातं. म्हणून दिसायला अवघड असली तरी ही गाडी काढायला उलट सोपी पडते. मातीवरच्या गाडीचं पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं असतं, पुढे २१ इंचांची रिम आणि मागे १८ किंवा १९ इंचांची. मडगार्ड चाकाला चिकटून नसतं, ते बरंच वर असतं, चिखल अडकू नये म्हणून. स्कूटर मात्र या सांगाड्यात बसत नाही. तिची चाकं लहान आणि पाय ठेवायला मध्ये सपाट जागा, तिथे सुरुवातच वेगळी करावी लागते.

तिरक्या कोनातून गाडी काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. कडेचं चित्र पट्टीशिवाय जमायला लागल्यावरच त्याच्या वाटेला जा. तिथे चाकं गोल राहत नाहीत, ती लंबवर्तुळं होतात, आणि जवळचं चाक लांबच्यापेक्षा मोठं दिसतं. चाकाचा आस लंबवर्तुळाच्या अरुंद बाजूच्या दिशेने जातो, हे धरून ठेवलं तर चाक वाकडं बसल्यासारखं दिसत नाही. आधी नुसती लंबवर्तुळंच काढा, पानभर, खांद्यापासून हात फिरवत. त्यांचे दोन्ही शेवट गोल असले पाहिजेत. टोकदार झाले तर ते चाक नाही.